काटा आठवर

चिमण्या गेल्या. खिडकीसमोरच्या झाडावर सकाळी पावणेसहाला जो कलकलाट व्हायचा तो बंद झाला. शेजारच्या निवृत्त मास्तरांना तो म्हणाला, "टॉवरमुळे जातात म्हणे." मास्तर आधी झाडाकडे बघत राहिले, मग त्याच्याकडे. म्हणाले, "असेल बुवा."

*

मनगटावरचं घड्याळ दर तासाला बारीक पीप-पीप असं वाजायचं. आता वाजत नाही. वेळ मात्र बरोबर दाखवतं.

*

सरळ कापलेली नळी आणि किंचित तिरकी कापलेली नळी बोटाला सारखीच लागते. उजेड कमी असेल तर डोळ्यालाही.

*

किटलीची शिट्टी बिघडली. पाणी आटून तळ काळा पडला, दोनदा. आता पाणी ठेवलं की तो किटलीसमोर उभा राहतो आणि वाफ दिसली की गॅस बंद करतो. बायको असती तर म्हणाली असती, अहो, पहारा कसला देताय?

*

नात फोनवर तोंडातल्या तोंडात बोलते. सहा वर्षांची घोडी झाली तरी शब्द सुटे येत नाहीत. तो म्हणतो, "हो का? छान!" हे उत्तर जवळपास कुठेही चालतं. "जेवलात का, आजोबा?" याला चालत नाही, पण नात तेवढं सोडून देते.

*

काम शिकवणारा त्याचा वस्ताद यंत्राचे मुके घ्यायचा. वस्तादचा हा किस्सा त्याने डब्याच्या वेळेला निदान शंभर वेळा सांगितला असेल.

*

लेक एक दिवसाआड फोन करायची. आता रविवारी करते. रविवारीसुद्धा, सगळ्याच नाही.

*

हे सगळं एकच आहे, हे त्याला मंगळवारी सकाळी सात चाळीसला कळलं. तेव्हा तो गाड्या धुण्याच्या बोगद्यात, तिसऱ्या ब्रशखाली, ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसला होता.

आठ

सात दहाला तो आत शिरला तेव्हा दाबाचा काटा आठवर होता आणि कॉम्प्रेसर नुकताच थांबला होता.

बोगद्याला सगळे बोगदा म्हणत, पण होती ती एक लांबट पत्र्याची खोली. गाडी एका टोकाने आत येई, जमिनीतला पट्टा तिला ओढून नेई, आणि वाटेत पाच मोठे गोल ब्रश तिला अंगभर घासून सोडत. प्रत्येक ब्रश एका लोखंडी हाताला लटकलेला. हाताला पुढे ढकलायला आणि मागे ओढायला एकेक सिलिंडर, म्हणजे एक नळकांडं आणि त्यात सरकणारा दट्ट्या. दट्ट्याच्या एका अंगाला हवा सोडली की हात पुढे, दुसऱ्या अंगाला सोडली की मागे. विजेने फक्त ब्रश फिरे. बाकी सगळी कमाई हवेची. हवा फुकट असते, दाबलेली हवा फुकट नसते, असं वस्ताद म्हणायचा.

दाबलेली हवा निसटायला बघते. जिथे रबराचं सील झिजलं, जिथे नळी जोडात नीट बसली नाही, तिथून ती निघते, बारीक शिट्टी वाजवत. दुसरीकडे कुठे गळती शोधायची तर जोडावर साबणाचं पाणी लावतात आणि बुडबुडे बघतात. इथे सगळीकडे साबणच. भिंतींना साबण, नळ्यांना साबण, बुडबुडे पाहिजे तेवढे, खरे-खोटे कोण निवडणार? म्हणून या धंद्यातली माणसं सगळं बंद करतात, बाहेरचं शटर खाली ओढतात, आणि ऐकतात.

तो ऐकण्यासाठी प्रसिद्ध होता. सव्वीस वर्षांत त्याला त्याच्या नावाने हाक मारणारे संपले होते. कंपनीच्या सहाही केंद्रांवर तो 'कानकाका'. फाटकातून आत येता येताच "चौथ्याचा मागचा जोड" असं म्हणून हत्यारांची पेटी खाली ठेवण्याबद्दल त्याची ख्याती होती. बायको म्हणायची, "मी कानाशी ओरडले तर ऐकू जात नाही, आणि यंत्राचं पादणं तेवढं मैलभरावरून ऐकू येतं!"

बायकोला जाऊन दोन वर्षं झाली.

साडेसात

काटा खाली येत होता. गाडी नाही, ब्रश बंद, तरी हवा जात होती. काटा आठवरून सहावर आला की कॉम्प्रेसर आपोआप सुरू होई, तीन मिनिटं धडधडून पुन्हा आठ भरी, आणि थांबे. नऊ मिनिटं शांतता, तीन मिनिटं धडधड. ऐकायचं ते या नऊ मिनिटांत.

गेले पंधरा दिवस हे चालू होतं. पंधरा दिवसांत तो इथे तिसऱ्यांदा आला होता. पहिल्या वेळी त्याने तिसऱ्या हाताचा सिलिंडर बदलला. दुसऱ्या वेळी चौथ्याची सगळी सीलं. दोन्ही वेळा काम झाल्यावर त्याने कान लावला, काही ऐकू आलं नाही, त्याने पेटी आवरली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी काउंटरवालीचा फोन.

"काका, तो कॉम्प्रेसर परत धडधड करतोय. गाडी नसताना करतोय."

काल साहेबांचा फोन आला होता. साहेबांचा आवाज जाड, तो नीट ऐकू येतो. "उद्या नऊला हेड ऑफिसचा माणूस घेऊन येतोय मी. त्याच्याकडे गळती पकडायचं यंत्र आहे. तुमच्या हातून आज-उद्यात सापडलं तर उत्तम. नाहीतर ते यंत्र आणि यंत्रवाला बघतील आपली सहाही केंद्रं. तुम्ही मग गोडाऊनला बसा. खुर्ची आहे, पंखा आहे. खोक्यांवर नंबर टाकायचे. तुमच्या वयाला बरंच ते."

गोडाऊन तळघरात होतं. त्याने ते पाहिलं होतं. तिथे खुर्ची होती, पंखा होता, आणि माणूस एकही नव्हता. घरीही नव्हता. या सहा जागा अशा होत्या की जिथे तो गेला की कुणीतरी म्हणे, "आलात का, काका? कधीची वाट बघतेय." त्या गेल्या की हे म्हणणारं कुणी उरत नव्हतं.

नऊच्या आत सापडायला हवं होतं. एवढंच.

त्याने डोळे मिटले, मान तिरकी केली, हात हवेत धरून ठेवला. ऐकताना तो नेहमी असाच उभा राही. काचेपलीकडून काउंटरवाली बघत असणार, हेही त्याला ठाऊक होतं.

त्याला स्वतःच्या नाकातला श्वास ऐकू आला. बाहेरच्या रस्त्यावरून एक जड गाडी गेली तिची घरघर ऐकू आली.

बाकी काही नाही. काही नाही म्हणजे इथे ठीक. तो पुढच्या हाताशी गेला. तिथेही ठीक. पाचही हात ठीक होते, आणि काटा पडत होता.

सात

सात चाळीस. नऊ मिनिटांची तिसरी फेरी. तो तिसऱ्या ब्रशखाली गुडघ्यावर बसला होता. काउंटरवाली दोन कप चहा घेऊन आत आली. चाळिशीची बाई, पायात गमबूट, एका हातात कप आणि दुसऱ्या हातात कप, त्यामुळे दार तिने कमरेने ढकललं. ती त्याच्या मागून आली आणि काहीतरी म्हणाली.

त्याने वळून बघितलं. "काय?"

ती पुढे आली, त्याच्या तोंडासमोर वाकली आणि पुन्हा म्हणाली, "म्हटलं, केवढं फुसफुसतंय हो इथे! सापाच्या बिळाशी बसल्यासारखं. मला काचेच्या आत डोकं उठतं दिवसभर. तुम्हाला इतकं जवळ बसून सहन कसं होतं?"

"हो का?" तो म्हणाला. "छा—"

तिथे थांबला.

चहा तिने त्याच्या हातात दिला. कप गरम होता. तो कपाकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात चिमण्या आल्या. मग घड्याळ आलं. मग किटली. मग नात, जी तोंडातल्या तोंडात बोलत नव्हती, जी बहुधा चांगली खणखणीत बोलत होती, सगळ्या सहा वर्षांच्या मुली बोलतात तशी. मग लेक. दोन महिन्यांपूर्वीचा तिचा फोन. ती बराच वेळ बोलली होती, खालच्या आवाजात, आणि शेवटी थांबली होती, म्हणजे आता याने बोलायचं होतं. आणि हा म्हणाला होता, हो का? छान!

त्यानंतर फोन रविवारचे झाले होते.

"काका? साखर कमी आहे का?"

"नाही. ठीक आहे."

"मग असे काय बघताय कपात? माशी पडलीय का?"

"माशी नाही." त्याने एक घोट घेतला. सापाचं बीळ. कुठल्या बाजूला, एवढंच विचारायचं होतं. दोन शब्दांचं काम. ते दोन शब्द बोलले की सव्वीस वर्षं संपली. तो म्हणाला, "तू जा आत. इथे गार आहे."

ती गेली. जाताना दाराशी वळून काहीतरी बोलली. तिचे ओठ हलले. त्याने मान डोलावली.

सहा

कॉम्प्रेसर सुरू झाला. पत्रा थरथरला.

तीन मिनिटं काही ऐकायचं नव्हतं. कॉम्प्रेसर चालू असताना गळती कुणालाच ऐकू येत नाही, चांगल्या कानाच्या माणसालाही नाही. अशा वेळी माणसं बाहेर जाऊन पाय मोकळे करतात.

वस्ताद नाही जायचा.

वस्ताद त्याला काम शिकवणारा. ढेरपोट्या, सतत बोलणारा. त्याच्यापुढे दुसऱ्याला तोंड उघडायची सोय नव्हती. काही विचारलं तर उत्तराऐवजी विनोद. "वस्ताद, पाना कुठला देऊ?" "पाना नको, पान दे." सगळे हसायचे. आणि वस्ताद खालचा ओठ जिभेने ओला करायचा, जोडापाशी तोंड न्यायचा आणि ओठ अगदी जवळून फिरवायचा, एका जोडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. कॉम्प्रेसर धडधडत असताना. मग मागे न बघता बोट दाखवायचा. तिथे गळती असायचीच. नवे कामगार म्हणायचे, सिद्धी आहे म्हाताऱ्याला. हा, तेव्हाचा शिकाऊ, म्हणायचा, सिद्धी कसली, मुके घेतोय यंत्राचे, घरी मिळत नसतील.

वस्ताद निवृत्त झाल्यावर हा एकदा त्याच्या घरी गेला होता. वस्ताद टीव्ही बघत होता, आवाज पूर्ण बंद करून. "ऐकण्यासारखं असतं काय त्यात?" असं म्हणाला. मग तासभर एकटाच बोलत राहिला. हा उठला तेव्हा वस्ताद फाटकापर्यंत आला, आणि याने "परत येईन" असं म्हटलं, त्यावर वस्ताद म्हणाला, "हो, हो, आठवणीने घे." काय घे, ते याला कळलं नव्हतं. म्हातारा भ्रमला, असं वाटलं होतं. परत गेलाच नाही.

वस्तादला ऐकू येत नव्हतं.

किती वर्षं? पाना-पानाच्या विनोदाच्या वेळीही? तेव्हा वस्ताद पन्नाशीत असेल. सगळे हसत होते आणि वस्ताद त्यांच्या तोंडांकडे बघत होता, हसले की नाही ते कळायला.

कॉम्प्रेसर अजून चालू होता. त्याने खालचा ओठ ओला केला.

आठ, साडेसात, सात, सहा, आठ, साडेसात

ओठाला शांतता लागत नाही. म्हणून आता काटा कुठेही असो, तो थांबला नाही.

सुरुवात त्याने पाचव्या हातापासून केली, कारण पाचव्याला त्याने वर्षभरात हात लावला नव्हता. जे सापडायचं ते तिथे सापडावं, असं त्याला वाटत होतं. जोडावर तोंड नेलं की आधी मेणाचा आणि साबणाचा वास, मग गार लोखंडाचा. ओठ आणि लोखंड यांच्यात कागदाएवढं अंतर ठेवायचं. चिकटला तर कळत नाही, लांब राहिला तरी कळत नाही. पहिल्या दहा जोडांना त्याला वाटलं, सगळीकडेच वारा आहे. तो त्याचाच श्वास होता. मग त्याने श्वास धरून ठेवला.

पाचवा कोरडा, वारा नाही. दुसरा, पहिला कोरडे. व्हॉल्व्हच्या पेटीतले बावीस जोड कोरडे.

काचेवर टकटक झाली असावी, कारण काउंटरवाली थेट दारातच येऊन उभी राहिली. ती हातवारे करत होती. कॉम्प्रेसर थांबल्यावर तिचे शब्द पुरे झाले: "—पापी घेताय काय त्याची? कुणी बघितलं तर काय म्हणेल! इथे कॅमेरा आहे, काका!"

"साहेबांना दाखव नंतर," तो म्हणाला. "म्हणावं, म्हातारपणी प्रेमात पडला."

ती हसली. तिचं हसणं त्याला दिसलं.

चौथा हात. मागचा जोड. त्याने ओठ नेला आणि ओठावर एक बारीक गार रेघ उमटली, दाराच्या फटीतून कुणी फुंकर घालावी तशी. त्याने तोंड मागे घेतलं, पुन्हा नेलं. रेघ तिथेच होती. हा जोड त्याने सात दिवसांपूर्वी बसवला होता.

तिसऱ्या हातावर तशा दोन रेघा. तो सिलिंडर त्याने पंधरा दिवसांपूर्वी बसवला होता.

त्याने तिसऱ्या हाताला पट्टा बांधला, म्हणजे हवा काढल्यावर ब्रश अंगावर यायला नको. त्या हाताची हवा बंद केली, आतली सोडली. जोडाची कडी दाबून नळी ओढून काढली आणि दारापाशी उजेडात नेली. नळीचं टोक तिरकं होतं. फार नाही. नखाच्या कडेइतकं. नळी कापायच्या कात्रीचं पातं बोथटलं होतं, ते ढकललं की वाकायचं. पातं तर केव्हाही बोथटतं. पूर्वीही बोथटायचं. पण पूर्वी तो नळी बसवायचा, कान लावायचा, बारीक शिट्टी ऐकू यायची, शिवी हासडून नळी काढायचा, नीट कापून पुन्हा बसवायचा. काही ऐकू आलं नाही म्हणजे काम झालं. सव्वीस वर्षं त्याची सही हीच होती: काही ऐकू न येणं.

आणि गेले काही महिने तो प्रत्येक जोडावर ही सही करत सुटला होता.

पहिली गळती, ज्यासाठी त्याला पहिल्यांदा बोलावलं होतं, ती केव्हाच गेली असणार, जुन्या सिलिंडरबरोबर. आताच्या तिन्ही त्याच्या होत्या.

पेटीत तळाशी नवं पातं होतं. त्याने ते बसवलं, तिन्ही नळ्या बोटभर आखूड कापल्या, सरळ, टोक उजेडाकडे धरून. जोडात रुतेपर्यंत दाबल्या, ओढून पाहिल्या. हवा सोडली. पट्टा काढला. ओठ नेला.

कोरडा. कोरडा. कोरडा.

आठ

आठ पस्तीस. कॉम्प्रेसरने भरून दिलं आणि थांबला.

आठ

आठ एकेचाळीस. काटा हलला नाही. तो काट्यासमोर उभा होता, किटलीसमोर उभा राही तसा.

आठ

काउंटरवाली दारात आली. आल्याआल्या थबकली, मान वाकडी केली. त्याच्यासारखीच. मग त्याच्यासमोर येऊन म्हणाली, "गेलं बघा! बंद झालं. बाई गं, काय बरं वाटतंय कानाला!"

"नक्की गेलं?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय! तुम्हालाच नाही का ऐकू येत?"

तो काट्याकडे बघत म्हणाला, "तुझ्याकडून ऐकायचं होतं."

आठ

नऊला पाच कमी असताना साहेब आले. उंच, घाईतले, बोलताना किल्ल्या फिरवणारे. त्यांच्यामागे हेड ऑफिसचा माणूस, तिशीचा, हातात एक काळी पेटी. साहेबांनी काटा बघितला, घड्याळ बघितलं, पाच मिनिटांनी पुन्हा काटा बघितला.

"काय म्हटलं होतं मी?" साहेब हेड ऑफिसच्या माणसाला म्हणाले. "अहो, यंत्रबिंत्र ठीक आहे, पण हा कान आहे कान! घ्या, मिटा तुमची पेटी. काका, जिंकलात. गोडाऊनचं राहू दे आता."

हेड ऑफिसच्या माणसाने पेटी उघडलीच नव्हती. तो काहीतरी म्हणाला आणि हसला. काउंटरवाली हसली. साहेब हसले.

त्यालाही हसता आलं असतं. सगळं झालं होतं. ओठाची युक्ती होतीच, आणखी पाच वर्षं खपली असती. वस्तादची निवृत्तीपर्यंत खपली.

पण त्याच्या डोक्यात आकडा चालू होता. सहा केंद्रं. गेल्या तीन महिन्यांत एकूण सत्तावीस जोड. त्यातले इथले तीन झाले. उरलेल्यांत सगळ्यांत वाईट एकच: शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावरचा छताचा ब्रश. तो बाजूला नसतो, वर असतो. नव्वद किलोचा. गाडीच्या टपावर हवेच्या जोरावर लटकून असतो, आणि खाली गाडीत माणसं काचा लावून बसलेली असतात. त्याचा सिलिंडर त्याने गेल्या गुरुवारी बदलला होता. कान लावून.

"साहेब," तो म्हणाला, "ती पेटी परत पाठवू नका."

"का?"

"मला ऐकू येत नाही."

साहेबांच्या किल्ल्या थांबल्या. "अहो, आत्ताच तर शोधलीत!"

"ओठाने."

काउंटरवाली जमिनीकडे बघत होती. कॅमेऱ्याचा विनोद तिला आठवला असावा.

"म्हणजे अजिबात नाही?"

"तुमचं येतं. हिचं समोर असली तर येतं. शिट्टी येत नाही. बारीक काहीच येत नाही. इथली गळती माझीच होती. छताच्या ब्रशचा जोडही मीच बसवलाय. तो आज बघायला पाहिजे, गाड्या घ्यायच्या आधी."

"केव्हापासून हे?"

त्याने विचार केला. "चिमण्या गेल्या तेव्हापासून."

साहेब हसू लागले, हा विनोद असावा म्हणून. मग थांबले.

काउंटरवाली जवळ आली. त्याच्या समोर. म्हणाली, "चिमण्या आहेत की हो, काका. आत्ता बाहेर पत्र्यावर केवढा दंगा चाललाय."

हेड ऑफिसच्या माणसाने पेटी उघडली. आत पिस्तुलासारखं काहीतरी आणि कानांवर चढवायचे जाड हेडफोन. त्याने ते कानकाकांच्या डोक्यावर चढवले, साहेबांच्या हातातल्या किल्ल्या घेतल्या आणि हलवल्या. कानात वाळू ओतल्यासारखा आवाज झाला, जाड, खरखरीत. किल्ल्यांचा आवाज असा नसतो. पण होता. त्याने हेडफोन काढले. माणूस स्पष्ट, सावकाश म्हणाला, "बारीक आवाज हे जाड करून देतं. कुणीही चालवू शकतं."

हे धीर देणं होतं की दुसरं काही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"आणि माझं?" कानकाकांनी साहेबांना विचारलं.

"बघू," साहेब म्हणाले. साहेबांचं बघू सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला मुदत नसे. "आधी तो छताचा बघून या. दोघं जा. मी तिथे फोन करून गाड्या थांबवतो."

सात पूर्णांक नऊ

छताच्या ब्रशचा जोड गळत होता. थोडासा.

हेड ऑफिसच्या माणसाने तो यंत्राने शोधला आणि कानकाकांनी ओठाने, दोघांनी आपापल्या बाजूने, एकाच वेळी एकाच जोडाकडे बोट दाखवलं. तो माणूस काहीतरी म्हणाला, पण तेव्हा त्याचं तोंड यंत्राकडे होतं. नळी कानकाकांनी कापली. टोक उजेडाकडे धरून तपासलं, मग त्या माणसालाही तपासायला दिलं. त्याने मान हलवली.

दुपारी तिथल्या वाहनतळावर, पाठीमागच्या भिंतीला टेकून, त्याने लेकीला फोन लावला. मंगळवार होता. मंगळवारी तो कधी फोन करत नसे.

"बाबा? काय झालं?" हे ऐकू आलं. घाबरून ती मोठ्याने बोलली होती.

"काही नाही झालं. ऐक. दोन महिन्यांपूर्वी तू मला काहीतरी सांगत होतीस. बराच वेळ. आणि मी म्हणालो, छान."

तो भिंतीपासून सरळ झाला.

"मला ऐकू आलं नव्हतं, बाळा. तेव्हाही नाही, त्याच्या आधीही बरंच नाही. मी नुसता म्हणायचो. काय सांगत होतीस ते आता सांगशील?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग पुन्हा पहिल्या. ती गप्प होती की हळू बोलत होती, हे त्याला कळेना. फोन गरम झाला होता. त्याने तो गालावर घट्ट दाबून धरला.

"मोठ्याने," तो म्हणाला. "मी आहे. मोठ्याने बोल."

*

ती शिट्टीची किटली बायकोने चार वर्षांपूर्वी घेतली होती; दुकानदाराला चार किटल्यांत पाणी उकळायला लावून तिने त्यातली सगळ्यांत जोरात वाजणारी निवडली, तेव्हा तो बाहेर गाडीत बसून होता; अशीच का, हे तिने त्याला कधी सांगितलं नाही.